भोपळ्याचं फ्रेंच वेलुते : मखमली पोत कुठे जमतो आणि कुठे बिघडतो

ल्योंकर

भोपळ्याच्या सुपाबद्दल दर थंडीत विचारणा होते आणि उत्तरही ठरलेलं असतं: "शेवटी क्रीम घाला, मस्त लागतं." मस्त लागतं हे खरं, पण गुळगुळीत होत नाही. सूप आधीच रवाळ असेल तर क्रीम घातल्यावर ते तुपकट रवाळ होतं, एवढाच फरक. पोत ठरतो तो भोपळा कसा शिजवला, किती पाण्यात वाटला आणि शेवटी गाळला की नाही यावर. म्हणून प्रमाणासकट लिहितोय.

आधी नावाचं. फ्रेंचमध्ये 'वेलुते' म्हणजे मखमली. अभिजात स्वयंपाकात वेलुते हा मूळ सॉस: लोण्यात मैदा परतायचा, त्यात पांढरा स्टॉक घालून शिजवायचा. फ्रेंच शेफ एस्कोफिएने १९०३च्या आपल्या ग्रंथात तो पायाभूत सॉसांमध्ये धरला आहे. त्यावर बेतलेलं, अंड्याचा बलक आणि क्रीम लावून दाट केलेलं सूप म्हणजे जुनं वेलुते. आज फ्रान्समधल्या घरांत 'वेलुते द पोतीमारों' म्हणतात त्यात बहुतेकदा मैदाही नसतो आणि बलकही नसतो. भाजी, लोणी, पाणी, थोडं क्रेम फ्रेश (विरजलेलं घट्ट क्रीम), झालं. मी या घरगुती प्रकाराबद्दल लिहितोय.

चार जणांसाठी:
सोलून, बिया काढून भोपळा ८०० ग्रॅम
लीकचा (कांद्याच्या कुळातली जाड पातीची भाजी) पांढरा भाग १५० ग्रॅम, किंवा पांढरा कांदा १२० ग्रॅम
बिनमिठाचं लोणी ४० ग्रॅम, शेवटी घालायला आणखी २० ग्रॅम गार
पाणी ६०० ते ७०० मिली (भोपळ्यावर अवलंबून, खाली लिहितो)
मीठ साधारण १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे
क्रेम फ्रेश किंवा घट्ट क्रीम १०० ग्रॅम
जायफळ, पांढरी मिरी

लीक उभा चिरून वाहत्या पाण्याखाली पाकळ्या उघडून धुवा, आत वाळू असते. बारीक चिरून ४० ग्रॅम लोण्यात चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवून १०-१२ मिनिटं घाम आणायचा. 'परतायचा' म्हणत नाही, कारण आपल्याकडे परतणं म्हणजे गुलाबी करणं. इथे रंग अजिबात यायला नको. कांदा पारदर्शक आणि लिबलिबीत झाला पाहिजे. कडा तपकिरी झाली की ती चव सुपात शेवटपर्यंत राहते, शिवाय करकरीत झालेला तुकडा मिक्सरमध्ये नीट वाटला जात नाही.

मग भोपळ्याचे २ सेंटिमीटरचे एकसारखे तुकडे घालून पाच मिनिटं हलवा. सगळ्या तुकड्यांना लोणी लागलं की पाणी घाला, पण तुकडे जेमतेम बुडतील एवढंच. बाकीचं पाणी गरम करून बाजूला ठेवा. झाकण ठेवून २५ मिनिटं मंद उकळी. वाटण, गाळण, शेवट यावर पुढच्या प्रतिसादात लिहितो, तोवर कुणाला काही भर घालायची असेल तर घाला.

डांगरवाला

भोपळ्यावर आधी बोलू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

पोतीमारों म्हणजे जपानी होक्काइदोच्या जातीचा लहान, नारळाएवढा, केशरी भोपळा. पोतिरों म्हणजे भोपळा आणि मारों म्हणजे चेस्टनट, दोन्ही शब्द जोडून नाव झालं, कारण त्याला खरंच चेस्टनटसारखी चव असते. गर कोरडा, पिठूळ. साल शिजून मऊ होते, सोलायची गरज नाही. मोठा चपटा लाल पोतिरों, उदाहरणार्थ एतांपचा प्रसिद्ध लाल, दिसायला देखणा पण पाणचट. हे दोन्ही एकाच जातकुळीचे, कुकुर्बिटा मॅक्सिमा. बटरनट आणि प्रोव्हान्सचा मस्के दुसऱ्या जातीचे, कुकुर्बिटा मोशाटा. आपल्या बाजारात फोडी करून विकतात तो तांबडा भोपळा, कुणी डांगर म्हणतं, कुणी गंगाफळ, तोही बहुतेकदा मोशाटाच.

व्यवहारात याचा अर्थ असा. बटरनटमध्ये साधारण ८६ टक्के पाणी असतं, साध्या भोपळ्यात ९१-९२. आकडे जवळचे वाटतात, पण उलट बाजूने बघा: एकात १४ टक्के घन भाग, दुसऱ्यात जेमतेम ८-९. म्हणजे पाणचट भोपळ्याला तेवढंच पाणी घातलं तर सूप नव्हे, कढण होणार. पोतीमारोंला ७०० मिली, बटरनटला ५५०-६००, आपल्या भोपळ्याला ३५०-४०० मिलीवरून सुरुवात करा.

मंडईत फोड घेताना कापलेली बाजू बघा. गडद केशरी, कडेला हिरवी रेघ बारीक, गर नखाला टणक लागतो आणि मधली जाळी ओलसर पण गळत नाही, अशी फोड घ्या. जाळी सुटून लोंबतेय, कापलेल्या बाजूला पाणी साचलंय, ती भाजीला घ्या, सुपाला नको. घरी आणल्यावर जाळी चमच्याने नुसती काढू नका, खरवडा. गराचा गुळगुळीत पृष्ठभाग लागेपर्यंत खरवडा. सुपात सापडणारे दोरे तिथलेच असतात.

कढीपत्ता_आजी

सालीबद्दल ठळक करून लिहा हो. साल न काढण्याचं फक्त पोतीमारोंला लागू. आपल्या भोपळ्याची साल कितीही शिजवली तरी मिक्सरमध्ये तिचे हिरवे कपचे होतात.

शिनवा_पुसून_ठेवा

कढीपत्ता_आजी, बरोबर. पोतीमारोंचीही साल ठेवली तर वाटायला दुप्पट वेळ द्यावा लागतो आणि गाळावंच लागतं.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी: कापल्यावर कच्च्या गराचा कपचा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा भोपळा टाका. दुधीच्या बाबतीत आपल्याकडे हे माहीत असतं, भोपळ्याच्या बाबतीत लोक विसरतात. कडूपणा कुकुर्बिटासिनचा असतो, शिजवून जात नाही, साखर-क्रीमने झाकला तरी पोट बिघडवतो. फ्रान्समध्ये परसातल्या भोपळ्यांबाबत सरकारी अन्नसुरक्षा संस्था याची सूचना देते: शोभेच्या कडू भोपळ्यांशी संकर झालेलं घरचं बी पेरलं की फळ दिसायला चांगलं आणि आतून कडू निघतं.

नवशिकी

माझा प्रश्न थेट: हँड ब्लेंडरने पाच मिनिटं फिरवलं तरी सूप रवाळ राहतं, वर फेस येतो आणि वाडग्यात ओतल्यावर कडेने पाणी सुटतं. भोपळा बाजारातलाच तांबडा. तीन वेगळे दोष आहेत की एकच?

शिनवा_पुसून_ठेवा

तीन वेगळे, पण मुळं एकमेकांत गुंतलेली. एक चमचा सूप स्टीलच्या ताटलीत टाका आणि ताटली तिरकी करा. ओघळ खाली जाताना मागे केशरी पातळ थर एकसारखा राहिला तर सूप झालं. थरात बारीक कण दिसले, ताटली उजेडात धरल्यावर वाळूसारखे चमकले, तर वाटण अपुरं किंवा भोपळा कच्चा. ओघळाच्या कडेने पारदर्शक पाण्याची रेघ धावली तर सूप बांधलं गेलेलं नाही: कण मोठे आहेत, पाणी जास्त आहे, किंवा दोन्ही.

रवाळपणाचं पहिलं कारण जवळजवळ नेहमी शिजवण्यात सापडतं. भोपळ्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते पेक्टिन पुरतं विरघळलं की पेशी सुट्या होतात आणि पातं त्यांना सहज फोडतं. अर्धवट विरघळलं तर पातं पेशींचे गठ्ठे तोडतं, तेच जिभेला रवा म्हणून लागतात. 'सुरी सहज शिरली' ही भाजीची कसोटी, सुपाची नव्हे. तुकडा चमच्याने भांड्याच्या कडेला दाबा. तो मोडला तर कच्चा, नुसता पसरला तर शिजला.

पाणीही बघा. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आवळून धरतं, तुकडे तासभर उकळले तरी मधे गाठ राहते. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. आंबटाचंही तसंच: वाइन, लिंबू, टोमॅटो शिजताना घातलं तर भोपळा अडून बसतो. घालायचंच असेल तर वाटून झाल्यावर.

चौथी_शिट्टी

मग सरळ कुकर. तीन लिटरच्या कुकरमध्ये लोणी-कांदा झाल्यावर भोपळा आणि फक्त १०० मिली पाणी. एक शिट्टी, मग गॅस बारीक करून सहा मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्यायची. आपला भोपळा स्वतःचंच पाणी इतकं सोडतो की उघडल्यावर तळाशी कपभर रस असतो. तो रस चाळणीने वेगळा काढा, ओतून देऊ नका, गोडवा त्यातच आहे. आधी नुसता गर वाटायचा आणि मग रस थोडा थोडा परत घालायचा.

ल्योंकर

चौथी_शिट्टी यांनी माझा पुढचा मुद्दा आधीच मांडला. घट्ट वाटा, मग पातळ करा. सगळं पाणी एकदम घातलं की तुकडे पात्यापासून पळतात, पाण्यात गोल फिरत राहतात. घट्ट गोळ्यात घर्षण जास्त, कण बारीक होतात. लोणच्याच्या बरणीतल्या खारासारखा लगदा मिक्सरमध्ये हवा, पेजेसारखा नको.

मिक्सरमध्ये पाती नुसतीच फिरतायत आणि गोळा वर तसाच राहिलाय, आत हवेचा फुगा झालाय, असं दिसलं की दोन मोठे चमचे रस घाला, जारच्या कडा खरवडा, पुन्हा फिरवा. एक मिनिट चालवा, अर्धा मिनिट थांबा, असं तीनदा. सलग तीन मिनिटं चालवला तर ५०० वॅटचा घरगुती मिक्सर तापून खालचं लाल बटण पडतं. ते परत दाबण्याआधी दहा मिनिटं थांबा.

हँड ब्लेंडरचं डोकं पूर्ण बुडालेलं ठेवा आणि भांडं तिरकं करा. डोकं पृष्ठभागाशी आलं की तो हवा ओढतो, फेस तिथून होतो. झालाच फेस तर सूप मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा आणि वरून पळीने काढा. चवीला काही होत नाही, पण रंग फिका पडतो आणि तोंडात कापसासारखं लागतं. तरीही मखमलीसाठी हँड ब्लेंडरवर अवलंबून राहू नका, जारचा मिक्सर त्यापेक्षा कधीही चांगला.

रवी_वरवंटा

गरम सूप मिक्सरमध्ये घालण्याबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. उकळतं सूप जारमध्ये भरून झाकण घट्ट लावून चालू केलं की आतली हवा आणि वाफ एकदम फुगते आणि झाकण उडतं. हात, तोंड, छत, सगळं केशरी. दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. जार एक तृतीयांशच भरा. झाकणावर छोटी टोपी असेल तर ती काढून भोकावर घडी घातलेला पंचा धरा. नसेल तर झाकण पंचाने हलकं दाबून धरा, लॉक करू नका. सुरुवात पल्सने, म्हणजे बटण डावीकडे क्षणभर फिरवून सोडायचं, चार-पाचदा. मग १ वर, मग ३ वर. थेट ३ वर कधीच नाही.

पुरणयंत्रवाली

इतकं सगळं वाचून एक विचारते, पुरणयंत्र कुणी का काढत नाही? फ्रेंच घरांत मिक्सर येण्याआधी सूप ज्यात करायचे ते 'मुलँ आ लेग्युम' म्हणजे आपलं पुरणयंत्रच. ज्यां मांतले यांनी १९३२ साली त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याच धंद्यातून मुलिनेक्स ही घरगुती उपकरणांची कंपनी उभी राहिली. तोच दांडा, तीच तिरकी पट्टी, तळाशी बदलायच्या जाळ्या.

फायदा असा की मिक्सर दोरे आणि साल कापतो, पुरणयंत्र ते अडवतं. कापलेला दोरा सुपात राहतोच, बारीक होऊन राहतो. अडवलेला दोरा जाळीवर राहतो, उचलून फेकता येतो. आपल्या दोरेबाज भोपळ्याला याहून चांगलं काही नाही. सगळ्यात बारीक जाळी लावा, गर गरम असतानाच फिरवा, मधूनमधून दांडा उलटा फिरवून जाळी मोकळी करा. शेवटी जाळीच्या खालच्या बाजूला चिकटलेला लगदा चमच्याने ओढून घ्या, सगळ्यात गुळगुळीत तोच असतो.

शिनवा_पुसून_ठेवा

पुरणयंत्राला पूर्ण पाठिंबा, एका अटीवर: नुसत्या पुरणयंत्राने मखमल होत नाही. जाळीचं भोक दीड-दोन मिलिमीटरचं, म्हणजे पुरणासारखा पोत मिळतो. आधी पुरणयंत्र, मग मिक्सर हा क्रम ठेवला तर शेवटचं गाळणं जवळजवळ आपोआप होतं.

शेवटचं गाळणं टाळू नका मात्र. फ्रेंच स्वयंपाकघरात शिनवा नावाची शंकूसारखी गाळणी असते, सूप ओतायचं आणि पळीच्या पाठीने वर-खाली हलकं दाबायचं. घरी मैद्याची बारीक चाळणी घ्या. चहाची गाळणी लहान पडते, एक लिटर सुपाला अर्धा तास लावते. मलमल तर नकोच, घट्ट सूप त्यातून उतरत नाही, मग लोक पिळतात आणि पिळताना रवा परत खाली. सूप गरम असतानाच गाळा, गार झालं की पेक्टिन घट्ट होतं. आणि चाळणीवर उरलेलं घासून घासून पार करू नका! त्याच्यासाठीच तर गाळलं. पाव वाटीपेक्षा जास्त उरलं तर दोष गाळण्यात नाही, शिजवण्यात आहे: पुन्हा कढईत घाला, दोन चमचे पाणी, झाकण, दहा मिनिटं.

खलबत्ता

मी थोडा वाद घालतो. मूळ सॉसचं नाव घेऊन मैदाच नाकारायचा याला वेलुते म्हणायचं कशाला? एक लिटर सुपाला ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा, मंद आचेवर तीन मिनिटं रंग न आणता भाजायचा, त्यात गार स्टॉक थोडा थोडा, सतत फेटत. वीस मिनिटं उकळून कच्च्या मैद्याचा वास घालवायचा, मग भोपळ्याचा वाटलेला गर. शेवटी दोन बलक आणि १०० मिली क्रीम एकत्र फेटून, त्यात एक पळी गरम सूप घालून, मग ते मिश्रण सुपात. नवशिकींच्या सुपाचं पाणी सुटणार नाही, गॅरंटी.

ल्योंकर

खलबत्ता, रेसिपी तंतोतंत बरोबर आहे. मटारच्या, फुलकोबीच्या सुपाला मीही तेच सांगेन. पण भोपळ्यात स्वतःचं पेक्टिन भरपूर आणि थोडा स्टार्चही असतो, मैदा पडला की चव पुठ्ठ्याकडे झुकते आणि केशरी रंग दुधाळ होतो. शिवाय नवशिकींचं पाणी सुटतंय ते पातळपणामुळे, दाटपणा उधार आणून तो प्रश्न झाकला जाईल, सुटणार नाही.

बलक घालणाऱ्यांसाठी तापमान सांगून ठेवतो. मैदा नसेल तर बलक घातल्यावर सूप ८० अंशांपर्यंतच न्या, सतत हलवत. उकळी फुटली की बलकाचे पिवळे तुकडे दिसायला लागतात. मैदा असेल तर थोडी सूट मिळते, तेवढ्यापुरता खलबत्ता यांचा मुद्दा बरोबर.

तूपबेरी

बांधायला बटाटा नको, एवढं मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा. "थोडा बटाटा घाला, दाट होतं" हा सल्ला जागोजागी असतो. मिक्सरच्या वेगाने बटाट्याचा स्टार्च फुटून बाहेर येतो आणि सूप खळीसारखं ताणायला लागतं. पाणचट भोपळ्याला तांदूळ घाला. जुन्या फ्रेंच सुपांत, गाजराच्या क्रेसी सुपात, तांदूळच असतो. लिटरला ३० ग्रॅम, भोपळ्याबरोबरच शिजवायचा, मेणासारखा मऊ होईपर्यंत. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ चांगला, बासमती नको.

आणि शेवटच्या २० ग्रॅम गार लोण्याचं काय करायचं ते ल्योंकर सांगायचे विसरले. गाळलेलं सूप आचेवरून उतरवून, गार लोण्याच्या फोडी एक-एक करत घालून फेटायचं. गरम वितळलेलं लोणी ओतलं तर तवंग येतो, गार फोडीने ते सुपात मिसळतं आणि चकाकी येते.

नवशिकी

तूपबेरी, आणि क्रीम? डब्यातलं २५ टक्क्यांचं चालेल? साय चालेल का? मागे एकदा फाटलं होतं.

तूपबेरी

डब्यातलं २५ टक्के फॅटचं चालतं, फाटत नाही सहसा, कारण त्यात स्टॅबिलायझर असतो. उकळू नका, आच बंद करून घाला. साय घालायची तर आधी फेटून किंवा मिक्सरमधून काढा, नाहीतर गाठी तरंगतात. दूध उकळत्या आंबट सुपात घातलं की फाटणारच. फॅट कमी आणि प्रथिनं जास्त असली की आंबट-गरमाला ती लगेच आवळून गोळा होतात. फाटलंच तर मिक्सरमधून पुन्हा एक मिनिट फिरवा आणि गाळा, दिसायला तरी सावरतं.

क्रेम फ्रेश हवंच असेल तर ३५ टक्क्यांचं क्रीम २०० मिली कोमट करून त्यात एक मोठा चमचा ताजं ताक ढवळा, झाकून ठेवा. पुण्यात हिवाळ्यात १२ ते १५ तास, उन्हाळ्यात आठ तासांतच बघा. चमच्याने कापलं जाईल इतपत घट्ट झालं की फ्रिजमध्ये. आपल्या विरजणाने ते फ्रेंचपेक्षा जरा जास्त आंबट होतं, म्हणून १०० ऐवजी ७५ ग्रॅमच घाला.

डांगरवाला

भाजून घेतलेला भोपळा अजून कुणी आणला नाही. ओव्हन २०० अंश, भोपळा उभा अर्धा करून, कापलेली बाजू खाली, ४५-५० मिनिटं. पाणी बरंच उडतं, चव दाटते, आपल्या पाणचट भोपळ्याला हा सगळ्यात सोपा इलाज. गर चमच्याने निघतो, सोलायची कटकट नाही. पण ट्रेला चिकटलेली काळपट कड काढून टाका, नाहीतर सूप तपकिरी. आणि वरची वाळलेली कातडी सुपात गेली की ती कितीही वाटा, बारीक कपचे राहतात.

शिनवा_पुसून_ठेवा

भाजलेल्यात लीकच्या नाजूक चवीचा जीव जातो, म्हणून मी तो दुसरा पदार्थ मानतो. पण पोताला हरकत नाही.

खलबत्ता

मसाल्यांवर. रंग फिका आला म्हणून हळद घालणाऱ्यांना आधीच नमस्कार. गाजर घाला, ८० ग्रॅम, भोपळ्याच्या आधी दहा मिनिटं. मिरी पांढरी, कारण काळीचे ठिपके म्हणजे गाळण्यावर पाणी. जायफळ शेवटी, किसणीवर तीन-चार घासे. पुरणपोळीसाठी सहाणेवर उगाळता तसं दुधात उगाळून घातलं तर आणखी चांगलं, कण राहत नाही.

तमालपत्राबद्दल मात्र सावध. फ्रेंच सुपात जे पान पडतं ते लॉरेल, त्याला मधे एकच शीर. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, तीन उभ्या शिरा, वास दालचिनी-लवंगेकडे जाणारा. ते घातलं की सूप पुलावाच्या दिशेने निघतं. लॉरेल नसेल तर पानच घालू नका, थाईमच्या दोन काड्या पुरेत.

चौथी_शिट्टी

जिऱ्याची फोडणी?

खलबत्ता

छान लागेल. वेलुते लागणार नाही.

कढीपत्ता_आजी

लीक आमच्याकडे महाग आणि सुकलेला. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि पांढरा कांदा निम्मे-निम्मे घेतले तर चव बरीच जवळ जाते. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर फारच चांगलं, तिखटपणा नाही. लाल कांदा घेतलाच तर घाम आणायला पंधरा मिनिटं तरी द्या, नाहीतर सुपाला उग्र वास राहतो.

वरून काय घालता? चेस्टनट इथे नाहीत. शिंगाडे?

डांगरवाला

शिंगाडा हा चेस्टनट नव्हे, नावात पाण्याचं चेस्टनट असलं तरी. दोन्ही वनस्पती वेगळ्या, चवही वेगळी. भोपळ्याच्याच बिया घ्या: धुऊन, पुसून, चमचाभर तेल आणि मीठ लावून १६० अंशांवर १५-१८ मिनिटं. नाहीतर शिळ्या पावाचे चौकोनी तुकडे लोण्यात तळा, पण वाढताना घाला, दोन मिनिटांत मऊ पडतात.

तूपबेरी

सगळ्यात चांगलं म्हणजे बर न्वाझेत. नाव भारदस्त, पण लोणी कढवणाऱ्याला नवीन काही नाही. ५० ग्रॅम लोणी छोट्या कढल्यात मध्यम आचेवर ठेवा. आधी तडतड, मग फेस, मग तडतड थांबते आणि तळाला बेरी बसते. बेरी बदामी झाली, हेझलनटसारखा वास आला की लगेच दुसऱ्या गार वाटीत ओता. कढल्यात राहिलं तर उतरवल्यावरही बेरी करपते. तूप करताना आपण बेरी गाळून बाजूला काढतो, इथे तिच्यासकट वाढायचं, प्रत्येक वाडग्यावर एक छोटा चमचा, नागमोडी. गुळगुळीत सुपावर ती बारीक बेरी दाताखाली येते, बरं वाटतं.

रवी_वरवंटा

ल्योंकडचे आहात तर तिथले नामवंत शेफ पॉल बोकूज यांच्या भोपळ्याचा उल्लेख कसा नाही? अख्ख्या भोपळ्याचं झाकण कापून आत भाजलेला पाव, ग्रुयेर चीज आणि क्रीम थर देऊन भरायचं आणि ओव्हनमध्ये दोनेक तास.

ल्योंकर

आवडतो तो प्रकार, पण तिथे गर चमच्याने खरवडून पावाबरोबर खायचा असतो. मखमलीशी त्याचा संबंध नाही, म्हणून वगळला. वेगळा धागा काढा, लिहितो.

साठवण्याचं राहिलं होतं. फ्रीझरमध्ये ठेवायचं तर क्रीम, बलक आणि शेवटचं लोणी घालण्याआधी ठेवा. दोन-तीन महिने टिकतं. वितळल्यावर पाणी वेगळं दिसेल, गरम करून मिक्सरमधून एकदा काढलं की पूर्ववत. क्रीम घातलेलं सूप फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. निवताना भांडं बंद ठेवून ओट्यावर विसरू नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं असेल तर आधी गार पाण्याच्या परातीत ठेवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होतं, म्हणून गरम करताना ५० मिली पाणी घालून मग मीठ चाखा, आधी नाही.

नवशिकी

केलं. कुकर, १०० मिली पाणी, रस वेगळा, पुरणयंत्र, मग मिक्सर तीनदा, मैद्याची चाळणी. ताटलीवर पाण्याची रेघ नाही, कण नाहीत. पण सूप फारच दाट झालंय, पळीतून गोळा पडतोय आणि रस सगळा घालून संपला. आता पाणी घालू की क्रीम वाढवू?

शिनवा_पुसून_ठेवा

पाणी, उकळतं, ५०-५० मिली करत, क्रीम घालण्याआधी. पळीतून सलग फितीसारखं पडलं आणि फीत पृष्ठभागावर दोन सेकंद दिसून मिटली की थांबा. नंतर मीठ पुन्हा चाखा, पातळ केल्यावर कमी पडलेलं असणारच.